राखेनं गिळलेलं पाणी

४ फेब्रुवारी २०१३, सोमवार

नवी डायरी. कारखान्याने वाटलेली, मुखपृष्ठावर चेअरमन विठ्ठलरावांचा फोटो. फोटोवर ब्राऊन पेपर चढवला. आजपासून रोज लिहिणार. मोठ्या कामाच्या नोंदी पुढे उपयोगी पडतात.

पट्टा पडला, हंगाम संपला. अडीच महिन्यांत गाळप खलास. ऊसच नाही तर काय गाळणार, संचालकांची डोकी? त्यातून रस निघणार नाही. दुष्काळाने विहिरी आटल्या, बोअर आटले, गोदावरीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. भरपूर एकच गोष्ट: आपल्या डिस्टिलरीचं काळं पाणी. मळीपासून अल्कोहोल काढलं की हे उरतं. कारखान्यामागच्या तळ्यात काठोकाठ आहे. आख्ख्या गेवराई तालुक्यात काठोकाठ भरलेलं तळं यंदा हेच.

प्रदूषणवाल्यांची नोटीस आलीय. मेअखेर तळं रिकामं करा, नाहीतर डिस्टिलरीला सील. म्हणून मीटिंग. सतरा संचालक, सतरा चहा, कल्पना शून्य. एकजण म्हणाला, उन्हाळा हाय, आपोआप आटंल. दुसरा म्हणाला, नोटीसच हरवली म्हणून कळवा. ही माणसं सहकार चालवतात.

मग मी उभा राहिलो.

सांगितलं की परदेशात एके ठिकाणी दगड भाजून तेल काढतात. त्यात घाण पाणी निघतं आणि दगडाची राखही उरते. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याच राखेतून तेच पाणी गाळलं. एका कचऱ्याने दुसरा कचरा साफ. इंटरनेटवर लेख वाचलाय. (पहिलं पान. पुढची उघडली नाहीत. हुशार माणसाला पहिलं पान पुरतं.) आपल्याकडे दगडाची राख नाही, पण बॉयलरमागे चिपाडाच्या राखेचा डोंगर पडलाय. राख ती राख.

चेअरमन म्हणाले, करा. चीफ केमिस्ट मे महिन्यात रिटायर होतायत आणि लॅबमध्ये त्यांच्याखाली मीच आहे, हे ते बोलले नाहीत. पण माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं त्यात ते होतं.

६ फेब्रुवारी

घरच्या घरी ट्रायल. तेलाच्या डब्याला बुडाशी भोकं पाडली, राख भरली, वर पिठाची चाळणी, वरून काळं पाणी. खाली जे आलं ते चहासारखं होतं. कमी दुधाचा चहा. उन्हात धरलं तर सोनेरी म्हणता येईल असं.

बायको, शिवकन्या, चाळणीवरून बोलली. एक तास. संशोधकाच्या घरात असं वातावरण असतं का कुठे?

संकल्प: अडाणी माणसाशी वाद घालायचा नाही. घरात आणि बाहेर.

११ फेब्रुवारी

जागा बघायला गेलो. चेअरमननी माझ्याबरोबर कोणाला द्यावं? ज्ञानोबाला! हा पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून फिरतो, नारळ उभा राहिला की म्हणतो, इथं पाणी हाय. वय सत्तर, शिक्षण दुसरी नापास. आणि मी एम.एस्सी.

कारखान्याच्या कुंपणालगत उतारावर मोकळी जागा आहे. मुरूम, मऊ, खोदायला सोपी. मला पसंत पडली. ज्ञानोबा बांधावर बसला, तंबाखू मळली, आणि म्हणाला, साहेब, इथं न्हाई. हितून पाझर निघतो तो नीट भिवराबाईच्या विहिरीला जातो. तीस वर्षांमागं मीच दावली तिच्या विहिरीची जागा.

भिवराबाई म्हणजे कुंपणापलीकडची. साठ मोसंबीची झाडं, दोन म्हशी. तिच्या विहिरीला अजून हातभर पाणी आहे आणि बावीस घरांची वस्ती त्यावर जगते. आमच्या कॉलनीचा नळ बंद झाल्यापासून शिवकन्याही घागर तिथूनच आणते. बाई कोणाला नाही म्हणत नाही. व्यवहारशून्य.

मी ज्ञानोबाला विचारलं, पाझर दिसला का तुम्हाला? म्हणाला, न्हाई, पर हाय. न दिसणारी गोष्ट आणि आहे! ह्याला मराठीत अंधश्रद्धा म्हणतात. अंधश्रद्धेला उत्तर कृतीने द्यावं लागतं. तो बसला होता बरोबर त्याच जागेवर चुन्याची फक्की मारली. त्याला उठावं लागलं.

लई समाधान वाटलं.

१९ फेब्रुवारी

जेसीबीने पाच खड्डे झाले. प्रत्येक दहा फूट खोल. आज राख भरायला सुरुवात. खालच्या टोकाला पाईप, त्यातून स्वच्छ पाणी बाहेर येणार. पाईपखाली काचेचं मोठं पातेलं ठेवलंय, म्हणजे व्हिजिटर्सना लांबून स्वच्छपणा दिसेल.

पंपावरचा कचरू मध्येच म्हणतो, साहेब, शेततळ्याला खाली कागद आंथरतेत, तुमी कावून आंथरीत न्हाई?

कागद म्हणजे त्याला जाड प्लास्टिक म्हणायचं होतं. त्याला समजावलं. शेततळं पाणी साठवायला असतं. हा फिल्टर आहे. फिल्टरला कागद लावला तर तो फिल्टर राहील का? तो म्हणाला, मला काय म्हाईत. बरोबर. त्याला काय माहीत.

१ मार्च

उद्या पाणी सोडायचं. दाढी करून जाणे. फोटो निघतील.

२ मार्च

पाणी सोडलं. चेअरमननी बटण दाबलं. काळं पाणी राखेत गेलं, फसफसलं, शिरलं. सगळे पाईपकडे बघत उभे. अर्धा तास. चेअरमन गेले. एक तास. संचालक गेले. फोटोग्राफर गेला. संध्याकाळी मी आणि पातेलं.

राख कोरडी आहे. आधी ती भिजेल, मग देईल. साधं विज्ञान.

५ मार्च

पाईप कोरडा.

६ मार्च

कोरडा. पातेल्यात एक सरडा.

८ मार्च

आज सकाळी दात घासताना उलगडा झाला. इतके दिवस मी अपयश समजत होतो ते यश आहे! सहा दिवस पंप चालू, तळं फूटभर उतरलं, आणि बाहेर थेंब नाही. म्हणजे पाणी गेलं कुठे? राखेनं गिळलं. परदेशातल्या लोकांनी पाणी नुसतं साफ केलं. मी संपवलं. घाण पाणी शंभर टक्के नाहीसं. असा आकडा जगात कोणाचा नसेल.

पातेलं घरी परत आणलं. आता त्याची गरज नाही.

ज्ञानोबा कुंपणाबाहेरून म्हणाला, राख एवढं पाणी पेत न्हाई साहेब, पाणी खाली चाललंय. मी त्याच्याकडे बघून हसलो. तसं हसणं मला जमतं. फार न बोलता समोरच्याला त्याची लायकी कळते.

१२ मार्च

चेअरमनना रिपोर्ट दिला. चौदा पानं, स्पायरल बाइंडिंग. त्यांनी शेवटचं पान वाचलं आणि विचारलं, म्हणजे तळं रिकामं होतंय ना? म्हटलं, होतंय. म्हणाले, मग झालं. विज्ञानाची एवढीच कदर. पण खुर्चीतून उठून हात मिळवला. चीफ केमिस्टशी त्यांनी कधी हात मिळवलेला मी पाहिला नाही.

संकल्प: चीफ झाल्यावर लॅबमध्ये चप्पल घालून येणाऱ्यांना मेमो.

२४ मार्च

तो परदेशी लेख पूर्ण मिळवला. पुण्याच्या एका मित्राने पाठवला. पान तीनवर लिहिलंय की टाकी काँक्रीटची आणि तळ बंद असावा, नाहीतर झिरपून भूजल खराब होतं. ते लोक थंडीतले. तिकडची जमीन ओली असते. आपली दुष्काळी जमीन, वर ढेकळं खाली मुरूम, झिरपायला काय उरलंय? शिवाय ते वाक्य तळटिपेत आहे, बारीक टाइपात. महत्त्वाचं असतं तर मोठ्या अक्षरात छापलं असतं.

लेख कपाटात ठेवला. कुलूप लावलं. धूळ बसते म्हणून.

८ एप्रिल, सकाळ

भिवराबाईच्या विहिरीला पाणी चढलं!

कचरू पळत सांगत आला. दोन पुरुष उंचीचं पाणी वाढलंय. एप्रिलमध्ये. जिथे जनावरं चारा छावणीत बांधलीत आणि टँकर आठवड्याने येतो तिथे. बघायला गेलतो. आख्खी वस्ती विहिरीच्या काठावर, बाया हळदकुंकू वाहतायत, नारळ फुटतायत. भिवराबाई कडेला बसून रडत होती. खुशीने. साठ झाडं तिने दोन महिने तांब्या तांब्या पाणी घालून जगवलीत. आधी पोरांना, मग म्हशींना, उरलं तर झाडांना.

एकजण म्हणाला, देवीची कृपा. दुसरा म्हणाला, ज्ञानोबाचा हात. मला राहवलं नाही. कठड्यावर चढून सांगितलं की ह्यात देवी नाही आणि ज्ञानोबा तर नाहीच नाही. वरच्या अंगाला माझे पाच खड्डे आहेत. राखेतून शुद्ध झालेलं पाणी भूगर्भातून तुमच्या विहिरीत आलंय. हे माझं पाणी आहे.

(आधी मी म्हटलं होतं की राखेनं गिळलं. संशोधन पुढे सरकलं की सिद्धांत बदलतो. मूर्खाचाच सिद्धांत बदलत नाही.)

टाळ्या पडल्या. खरोखरच्या. मला आयुष्यात पहिल्यांदा.

फक्त ज्ञानोबा टाळी वाजवत नव्हता. भिवराबाईला म्हणाला, माय, ह्ये पाणी पिऊ नका, थांबा जरा. जळतो. तीस वर्षांचं दुकान बंद पडलं ना.

गर्दी पांगल्यावर भिवराबाईने मला विचारलं, साहेब, झाडांला मोटर लावून पाणी देऊ का? म्हटलं, बिनधास्त द्या. पोटभर द्या.

९ एप्रिल

लेखी दिलं. चेअरमन म्हणाले, तोंडी नको, कागदावर पाहिजे. मग लेटरहेडवर, शिक्क्यासह: सदर विहिरीतील वाढीव पाणी हे पूर्णतः माझ्या राख-प्रकल्पातून आलेले असून त्याची संपूर्ण जबाबदारी व श्रेय माझे आहे. 'पूर्णतः' खाली रेघ ओढली. 'जबाबदारी' शब्द चेअरमननी सुचवला. वजनदार दिसतो.

११ एप्रिल, पाडवा

विहिरीवर बोर्ड लागला. ही विहीर श्री. बिभीषण सुंदरराव काशीद, एम.एस्सी. यांच्या संशोधनामुळे सजल झाली आहे. पेंटर अक्षरं लहान काढत होता. पुसून मोठी करायला लावली. आता डांबरी रस्त्यावरून वाचता येतो. सायकलवर जाऊन खात्री केली.

उमापूरच्या एका सोसायटीने सत्काराला बोलावलंय. शाल असेल. उन्हाळ्यात शाल कशाला देतात कळत नाही, पण घेणार.

२० एप्रिल

शिवकन्या म्हणते चहाला वास येतो. चहापत्ती बदल म्हटलं. म्हणते वरणालाही येतो. डाळ बदल म्हटलं. म्हणते पाण्यालाच येतो, मळीचा. मी म्हटलं, तू केमिस्ट आहेस का? तर म्हणते, नाक हाय मला.

२७ एप्रिल

भिवराबाईच्या म्हशी विहिरीच्या पाण्याला तोंड लावत नाहीत. हुंगतात आणि मान फिरवतात. ती लॅबमध्ये सांगायला आली होती. चप्पल बाहेर काढून. मी सांगितलं की म्हशीला सवय नसते शुद्ध पाण्याची, चार दिवस तहानलेली ठेवा, झक मारत पिईल. ती पदर तोंडाला लावून उभी राहिली आणि गेली.

म्हशीला पाण्याची टेस्ट कळायला लागली तर आम्ही लॅबवाले काय गवत खायचं?

४ मे

विहिरीचं पाणी किंचित रंगीत दिसतंय. लोह असणार. मुरमात लोह असतं. लोह तब्येतीला चांगलं.

संकल्प: सकाळी फिरायला जाणे. विहिरीच्या बाजूने नाही, दुसऱ्या बाजूने. तिकडे चढ आहे, व्यायाम जास्त होतो.

९ मे

मोसंबीची पानं पिवळी पडून गळतायत. ऊन फार आहे. एक्केचाळीस, बेचाळीस.

ज्ञानोबा लॅबच्या दारात आला होता. आत या म्हटलं नाही. म्हणाला, ऊन दरसाल आसतंय साहेब. पंप बंद करा, हात जोडतो. आणि खरंच जोडले. मला अवघडल्यासारखं झालं. अडाणी माणूस भांडला तर बरा, हात जोडले की काय करायचं कळत नाही.

पंप बंद केला नाही. बंद केला तर लोकांना वाटेल, तो बरोबर होता.

११ मे

शिवकन्या माहेरी गेली, चकलांब्याला. म्हणाली, तिथं टँकरचं का व्हईना, पाण्यासारखं पाणी हाय. वस्तीवरच्या दोन पोरांना जुलाब. आंबे खाल्ले असतील. (आंबे कुठून आणले असतील?)

आज स्वतः वरण केलं. बाटलीतलं पाणी वापरलं. सवय म्हणून.

१६ मे, गुरुवार

प्रदूषणवाले आले. दोन साहेब, एक जीप. मी स्पायरल रिपोर्ट घेऊन तयार. तळं बघितलं, रिकामं, खूश. मग एकाने विचारलं, पाणी गेलं कुठे? मी तोंड उघडणार तोच चेअरमननी त्याला हाताला धरून कुंपणापलीकडे नेलं. विहीर दाखवली. पोहऱ्यातून वर आलेलं दाखवलं. माझा बोर्ड मोठ्याने वाचून दाखवला. मग खिशातून माझं पत्र काढलं, 'पूर्णतः' खाली रेघ असलेलं. म्हणाले, कारखान्याचा ह्यात काहीएक संबंध नाही, हे काशीद साहेबांचं वैयक्तिक संशोधन आहे, आम्हीसुद्धा फसलो.

बारावी नापास माणूस. सव्वा महिना ते पत्र खिशात घेऊन फिरत होता.

मी म्हटलं, लोह आहे. साहेबांनी नमुन्याची बाटली हुंगली आणि माझ्याकडे बघून हसले. फार न बोलता. तसं हसणं मला ओळखू येतं.

१७ मे

चीफ केमिस्टच्या जागी चेअरमनचा भाचा. बी.ए. इतिहास.

खड्डे बुजवायचा हुकूम. मला लॅबमधून काढून टँकर ड्युटी. वस्तीवर कारखान्याचा टँकर येणार, घरटी चार घागरी, मी उभं राहून बघायचं की पाचवी कोणी भरत नाही. एम.एस्सी.

ठीक आहे. मोठ्या संशोधकांना छळ सोसावाच लागतो. राखेची जाडी कमी पडली, एवढंच. अजून दोन फूट हवी होती.

२१ मे

टँकर. रांगेत कोणी माझ्याशी बोलत नाही. मीही त्यांच्याशी बोलत नाही. मी आधी ठरवलंय, हे त्यांना माहीत नाही.

ज्ञानोबाही रांगेत असतो. त्याने एकदाही, मी सांगितलं होतं, असं म्हटलं नाही. हा त्याचा डाव आहे. म्हणेपर्यंत मला उत्तर देता येत नाही.

भिवराबाईने म्हशी बहिणीकडे पाठवल्या. साठ झाडांतली अकरा हिरवी आहेत. तिच्या वाट्याच्या चार घागरींतली एक ती झाडांना घालते. कागदोपत्री हे चालत नाही, टँकरचं पाणी पिण्यासाठी आहे. मी दुसरीकडे बघतो.

२६ मे, रविवार

आज ठरवून गेलो. म्हटलं, एकदा सगळ्यांदेखत विहिरीचं पाणी पिऊन दाखवतो. माणसाने पिऊन दाखवलं की वाद मिटतो. रात्रभर मनात म्हणत होतो की पाणी तितकं वाईट नाही. वास आहे, रंग आहे, पण पाणीच आहे.

वस्तीच्या बाया टँकरची वाट बघत घागरी लावून बसल्या होत्या. विहिरीच्या कठड्याशी गेलो. पोहरा स्वतः सोडला, स्वतः ओढला. वर आलं ते तपकिरी म्हणता येईल. नाही. काळं होतं. आमच्या तळ्यातलंच होतं, मी दुसरं काय लिहू? पंधरा वर्षं मी तो वास ओळखतो.

कोणी अडवलं नाही. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. ओंजळ भरली, तोंडात घेतली, आणि गिळवेना. जीभ आत जाऊ देईना. डोळ्यांत पाणी आलं. वासाने. वासानेच असं नाही. तोंड भरलेलं तसाच उभा राहिलो, आणि कळलं की हे मी त्या पोरांना सव्वा महिना पाजलं. म्हशींनासुद्धा कळलं होतं. बिनधास्त द्या, पोटभर द्या, हे मीच म्हटलं होतं.

शेवटी तिथेच मातीत ओकलो.

भिवराबाई उठली. वाटलं, आता मारते. मारायला पाहिजे होतं. कालच्या टँकरच्या पाण्यातलं तळाशी जे राहिलं होतं ते घागर तिरकी करून तांब्यात ओतलं, माझ्यापुढे धरलं. म्हणाली, चूळ भरा साहेब, ह्ये चांगलं हाय.

चूळ भरली. थुंकायला वळलो तर तिने दंडाला धरलं. म्हणाली, तिथं नका, वाया जातंय. झाडाच्या बुडाला थुंका.

तिच्याबरोबर गेलो. तिने दाखवलेल्या झाडाच्या बुडाला थुंकलो.